वरून तिसरी पायरी

हसायचं नाही हं, आधीच सांगतो! नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी जी शोभा करून घेतली, ती आठवली की आजही कान गरम होतात.

कोरेगाव भीमाजवळ सरबताच्या बाटल्या भरायचा कारखाना. मी नुकताच इंजिनिअर झालेलो. सी प्लस प्लस येत होतं, म्हणजे बाकीच्या प्रोग्रामिंगच्या भाषा पोरखेळ! मेंटेनन्सचे आप्पा, मांडवगण फराट्याचे, एकदा मशीनचा प्रोग्राम कॉम्प्युटरवर उघडून म्हणाले, "ये, ही भाषा बघून ठेव."

मी लांबूनच पाहिलं. नुसत्या रेघोट्या!

"आप्पा, ही भाषा नाही, रांगोळी आहे."

नाव विचारायचेही कष्ट घेतले नाहीत.

दोन दिवसांनी आप्पा भाचीच्या लग्नाला दौंडला गेले आणि इकडे बाटल्यांचा पट्टा बंद! गेटवर ट्रक उभा, मॅनेजर माझ्या डोक्यावर. लावला फोन. मागं बँड वाजतोय.

"घाबरू नगं," आप्पा ओरडले. "लॅडर उघड. वरनं तिसऱ्या पायरीवर बघ, काय अडकलंय!"

एवढंच ना? स्टोअरमधून घडीची शिडी आणली, उघडली, चढलो. खाली यूपीचा ऑपरेटर शिडी धरून, "साहब, गिरना मत!" पॅकिंगच्या बायका काम सोडून वर बघतायत.

"आलो तिसऱ्या पायरीवर!"

"हां. हिरवं दिसतंय का?"

मी मान वळवली. "दिसतंय की. खिडकीबाहेरचा कडुलिंब."

फोनमधला बँड लांब गेला; आप्पा बहुतेक मांडवाबाहेर आले.

"बाळा, तू हायेस कुठं?"

"लॅडरवर."

"आरं देवा! उतर आधी! कॉम्प्युटरातलं लॅडर म्हणतोय मी!"

त्या रेघोट्यांच्या भाषेचं नावच लॅडर हो! दोन उभ्या रेघा, मध्ये आडव्या पायऱ्या. चालू असेल ते हिरवं. तिसरी पायरी काळीठिक्कर. त्या पायरीचा, बाटली ओळखणारा सेन्सर कुठं आहे ते आप्पांनी फोनवरच सांगितलं; तो रुमालानं पुसला, आणि पट्टा खडखडत सुरू!

आप्पा लाडू घेऊन परतले, तेव्हा गुपचूप म्हटलं, "शिकवा." मग शिफ्ट सुटली की टपरीवर चहा, आणि बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर आप्पांचं पेन. त्यानंतर चार भाषा शिकलो, पण तशी गोडी पुन्हा नाही.

त्यांच्या निरोपसमारंभात मी गहिवरून बोललो, "आप्पांनी मला नवी भाषा शिकवली."

आप्पा उठले. "भाषा लई सोपी हाय, दोन दिसांत येती. ह्यो आधीच शिकून आलता, म्हणून वरीस लागलं!"