श्री ट्रॅक शून्य एक

निपाणीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत जिनेंद्रचं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथं लग्नपत्रिका निघतात, पासपोर्टचे फोटो निघतात, आणि कन्नडातला अर्ज कुठं काय भरायचा हे मराठीत ओरडून सांगितलं जातं. गल्ली त्याला ‘कंप्युटरवाले अण्णा’ म्हणते. ह्या नावाला आपण लायक आहोत का, असा प्रश्न त्याला पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता. तो एका रविवारी पडला, आणि तोही सख्ख्या बहिणीसमोर.

दुकानात, बसल्या जागी दिसेल अशी एक पाटी आहे. जिनेंद्रनंच लाल अक्षरात छापलेली: ‘फोटोंच्या फायलींची नावं बदलू नयेत. बदलल्यास पत्रिकेत नवरा दिसणार नाही. मग आमच्या नावानं ओरडू नये.’ पत्रिकेच्या डिझाईनला फोटो नावानं माहीत असतो. नाव बदललं की नवऱ्याच्या जागी नुसता चौकोन. ही गोष्ट गिऱ्हाइकांना शिकवता शिकवता जिनेंद्रचा घसा बसला होता.

आता त्याच्या खोडीविषयी. वडील पार्श्वनाथ तंबाखूच्या वखारीत होते. त्यांच्या हातून ‘श्री’ लिहिल्याशिवाय कुठलीच वस्तू घरात आली नाही. पोती, डबे, पाण्याची टाकी, इतकंच काय, नव्या छत्रीच्या दांड्यावरसुद्धा श्री. वडील गेले, खोड राहिली. जिनेंद्र कंप्युटरवर कुठलीही फाईल ठेवताना नावाआधी श्री लावतो. टाइप करतो इंग्रजी अक्षरांत, पण हात मात्र वडिलांचाच. दुकानाच्या सतरा वर्षांत त्यानं काही बिघडलं नव्हतं.

त्याच्याही आधी ह्याच खोलीत गेम पार्लर होतं. दोन टीव्ही, दोन मशिनं, एकोणीस डिस्का. बाहेरून मालक जिनेंद्र, पण आतली खरी मालकीण त्याची धाकटी बहीण दिव्या. गाड्यांच्या गेममध्ये तिला हरवणारा माणूस चिकोडीपर्यंत नव्हता. ती वळणं डोळ्यांनी घ्यायचीच नाही. गेममागं गाणं वाजायचं, त्यात ढोल दोनदा आपटला की ती गाडी वळवायची. लग्न होऊन संकेश्वरला जायच्या आदल्या दिवशी शेवटची शर्यत झाली. जिनेंद्र हरायला लागला आणि त्यानं मशीन बंद करायचं बटनच दाबलं. “डिस्क घासलीया गं,” म्हणाला. जाताना दिव्या एवढंच म्हणाली, “ती डिस्क तेवढी जपून ठेव. परत येऊन पुरी करीन.”

पुढं पार्लर बंद झालं. मशिनं भंगारात गेली, डिस्का राहिल्या. गेल्या वर्षी त्यांच्यावरचा चंदेरी थर उडायला लागला, तेव्हा जिनेंद्रनं एकोणीसच्या एकोणीस डिस्का कंप्युटरवर एकेका फोल्डरात उतरवून घेतल्या, सगळ्या फायलींना झकास श्री लावला आणि उघडून बघायचे कष्ट घेतले नाहीत. आपण उतरवलंय म्हणजे नीटच उतरलं असणार, हा त्याचा स्वतःवरचा विश्वास. मग रिकाम्या झालेल्या डिस्का त्यानं शेतात दोरीला टांगल्या. शाळू ज्वारीची कणसं भरली की पोपट लई उतरतात. डिस्क उन्हात चमकली की बिचकतात.

यंदा त्याला एक सॉफ्टवेअर सापडलं. जुन्या गेमच्या फायलींचा फोल्डर त्याला दाखवायचा, की ते एकेक गेम ओळखून, चित्र लावून, टीव्हीवर वाचनालयासारखी मांडणी करून देतं. जिनेंद्रनं फोल्डर दाखवला. पडद्यावर आकडा आला: १८३ गेम. डिस्का एकोणीस, गेम एकशे त्र्याऐंशी! दुसरा कुणी असता तर थबकला असता. जिनेंद्रला वाटलं, आपण म्हणजे काय साधे न्हाय. त्यानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, ‘१८३ गेमची लायब्ररी तयार. दिव्या, रविवारी ये. तुझी शर्यत जपून ठेवलीया.’

रविवारी तीन वाजता दिव्या आली. आता ती हायस्कुलात गणित शिकवते. पायातली चप्पल न काढताच उंबऱ्यावर उभी राहिली.

“अण्णा, हायवेवरनं येताना आपल्या शेतात काय चमकत होतं रं?”

जिनेंद्र टीव्हीची वायर उगाच नीट करायला लागला. “पोपटांसाठनं…”

“माझ्या डिस्का?”

“अगं, उतरवून घेतल्यात सगळ्या! आतलं सगळं हाय तसं हाय. नुसती टरफलं टांगलीत.”

“टरफलं,” दिव्या म्हणाली आणि खुर्चीत बसली. “दाखव मग शेंगदाणं.”

जिनेंद्रनं टीव्ही लावला. वाचनालय उघडलं. चित्र एकावरही नव्हतं. नुसते करडे चौकोन, आणि खाली नावं: श्री ट्रॅक शून्य एक, श्री ट्रॅक शून्य दोन, श्री ट्रॅक शून्य तीन… खाली जावं तितके श्रीच श्री.

“हे गेम हायत का आरतीची वही?” दिव्यानं विचारलं.

“थांब गं, तुझा शोधतो.” त्यानं गाड्यांच्या गेमच्या फोल्डरातला पहिला चौकोन दाबला. आणि गेम चालू झाला! लाल गाडी, घाट, दगडी पूल, सगळं तेच. जिनेंद्रनं छाती फुगवली. दिव्यानं गेम खेळायचा नवा रिमोट हातात घेतला, गाडी सोडली, आणि पहिल्याच वळणावर कठड्यावर नेऊन आदळली. परत सोडली. परत आदळली.

“गाणं कुठाय?”

गाणं नव्हतं. इंजिनची घरघर होती, चाकांची किंचाळी होती, बाकी सगळं मुकं.

“हा माझा गेम न्हाय,” ती हळू आवाजात म्हणाली. “खरं सांग. डिस्का आधीच खराब झाल्या, म्हणून टांगल्यास. आणि मला दाखवायला हे कुठनं तरी उचलून आणलंस. व्हय का न्हाय?”

एरवी जिनेंद्रकडं उत्तरांचा तोटा नसतो. सर्व्हर डाऊन आहे, आधार लिंक नाही, तहसीलमधला माणूस जेवायला गेलाय. त्यातलं एकही इथं चालण्यासारखं नव्हतं. त्यानं दुसरा चौकोन दाबला, काळा पडदा. तिसरा, काळा पडदा. आतून आई पद्मावतीनं हाक मारली, “दिवस कलाय लागला बघा! दिव्याला जेवून परत जायचंय, मावळायच्या आत पानावर बसा!” जैनांचं घर, दिवस मावळल्यावर इथं कुणी जेवत नाही.

दिव्या उठून कंप्युटरपाशी आली. “त्या फोल्डरात काय काय हाय, मला बघू दे.”

फोल्डरात बारा मोठ्या फायली होत्या आणि एक अगदी चिटुकली. चिटुकली तिनं उघडली. आत नुसत्या ओळी. ट्रॅक एक अमुक फाईल, ट्रॅक दोन तमुक फाईल, अशी बारापर्यंत. डिस्कवर गेम एका फाईलमध्ये आणि अकरा गाणी अकरा फायलींत. कोण कुठं बसलंय ते सांगणारी ही यादी. लायब्ररीनं ही यादी वाचायची आणि बाराजणांना मिळून एक गेम धरायचा.

“अण्णा, हितं लिवलंय ‘ट्रॅक शून्य एक’. आणि फाईलचं नाव काय हाय?”

“श्री ट्रॅक शून्य एक.”

“श्री कुणी लावला?”

यादी बाराजणांना नावानं हाका मारत होती आणि बाराहीजण नवं नाव लावून बसले होते. कुणी ओ देईना, म्हणून लायब्ररीनं एकेकाला वेगळा गेम समजून चौकोनात बसवलं होतं. एकोणीसही डिस्कांत हेच झालं होतं; एकशे त्र्याऐंशीचं गणित इथं सुटलं. दिव्याची नजर हळूहळू वर गेली आणि लाल अक्षरांच्या पाटीवर थांबली. तिनं ती मोठ्यानं वाचली, वर्गात वाचतात तशी, शेवटपर्यंत. ‘मग आमच्या नावानं ओरडू नये’ ह्यावर तिला हसू आवरेना.

“सतरा वर्सं लोकास्नी शिव्या घालतोयस रं!”

“काढतो सगळे श्री,” जिनेंद्र म्हणाला. कान तापले होते, पण जीव भांड्यात पडला होता.

पद्मावती तोवर हात पुसत दारात आली होती. “काय काढतोस? लावलेला श्री काढायचा न्हाय. बापानं शिकवलंय न्हवं?”

“आव्वा, त्यानंच तर घोळ झालाय!”

“मग त्या यादीत बी लिव की श्री. बोटं झिजत्यात व्हय?”

कंप्युटरवाल्या अण्णांच्या डोक्यात हे आलं नव्हतं. दिव्यानंच बसून बारा ओळींत बारा श्री टाइप केले, यादी सेव्ह केली आणि लायब्ररीला फोल्डर पुन्हा दाखवला, फक्त चिटुकली यादी निवडून. बारा चौकोन गेले, एक आला. त्याच्यावर लाल गाडीचं चित्र होतं.

आणि गाणं वाजलं. पद्मावतीसुद्धा म्हणाली, “अगं बाई, हेच ते डोकं उठवणारं!”

दिव्यानं जिनेंद्रच्या हातात दुसरा रिमोट दिला. “शेवटची शर्यत पुरी करायची ऱ्हायलीय.”

ढोल दोनदा आपटला, तिची गाडी वळली. त्याची कठड्याला लागली. परत आपटला, परत वळली. दगडी पुलापर्यंत ती इतकी पुढं गेली, की त्याच्या वाटच्या अर्ध्या पडद्यावर दिसेनाशी झाली. जिनेंद्रचा अंगठा आपसूक बंद करायच्या बटनाकडं सरकला.

“डिस्क घासलीया,” तोंडातून निघालंच.

“डिस्क शेतात हाय, अण्णा,” दिव्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “चालव.”

त्यानं अंगठा उचलला आणि पार शेवटपर्यंत हरला. मग दोघंही, दिवस मावळायच्या आत, पानावर जाऊन बसली.