कवळीवाल्या बाईंची लेक

गल्लीत त्यांना सगळे कवळीवाल्या बाई म्हणतात आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. उलट कुणी नवखा भेटला की त्या स्वतःच सांगतात, "मी कवळ्या बनवते. अजून थोडी वर्षं जाऊ द्या, आपली गाठ पडेलच." घराच्या तळमजल्यावर त्यांची कामाची खोली आहे. खिडकीखाली लांबलचक टेबल, त्यावर स्पिरिटचा छोटा दिवा, गुलाबी मेणाचे पत्रे आणि ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. डॉक्टरांकडून माप आलं की बाई आधी मेणात हिरड्या घडवतात, त्यात एकेक दात रोवतात आणि मग त्यावरून पक्की कवळी करतात. यजमान शहरात बस चालवतात. रविवारी चर्चच्या गायनमंडळात उभे असतात. सूर सोडला तर गाण्याला लागणारं बाकी सगळं त्यांच्याकडे आहे, असं बाई म्हणतात. मी त्याच चर्चची आणि राहायला त्यांच्या समोरच. त्यामुळे यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं, उरलेलं बाईंनी सांगितलं.

त्यांना एक मुलगा होता. त्याच्यानंतर बाईंना दोनदा दिवस गेले, पण मूल हाती लागलं नाही. त्याबद्दल त्या कधी कुणापाशी बोलल्या नाहीत. मग एका रविवारी उपासनेनंतर एका पाहुण्या बाईंनी दूरच्या एका देशातल्या बालगृहाची माहिती सांगितली. तिथल्या मुलांना घरं हवी आहेत, म्हणाल्या. दोघं घरी आली. जेवायची ताटं मांडताना यजमान म्हणाले, "अगं, मला वाटतं..."

"मलाही," बाई म्हणाल्या.

चर्चा काय ती एवढीच. त्यानंतर मात्र वाट पाहण्याला अंत नव्हता. मुलाखती झाल्या, डॉक्टरी तपासण्या झाल्या, कोर्टाच्या खेपा झाल्या. घर बघायला आलेल्या एका अधिकारी बाईंनी कपाटंसुद्धा उघडून पाहिली. "मी आत लपून बसलोय का ते बघत असतील," मुलगा म्हणाला.

शेवटी ती आली. सहा-सात वर्षांची असेल. सावळी, सडपातळ, डोळे मात्र टपोरे आणि गोल. तिचं मूळचं नाव दोघांनी बदललं नाही, पण तिच्या नव्या दादाने विमानतळावरच तिला 'गोटी' करून टाकलं आणि गल्लीभर तेच झालं.

गोटी सांगितलेलं सगळं करायची. दिलेलं खायची, नेलं तिथे जायची, हळूहळू तिला बोललेलं समजूही लागलं. पण तोंडातून शब्द काढायची नाही. हसायची नाही, रडायचीही नाही. ओठ असे घट्ट मिटलेले की तिचे दात कसे आहेत हे दात घडवणाऱ्या आईलाही ठाऊक नव्हतं. गुडघा फुटला तरी ती रक्त पुसून गप्प बसायची. "एकदा भोकाड पसरलं असतं तर माझ्या जिवाला बरं वाटलं असतं," बाई मला म्हणाल्या होत्या. दादाने तिच्यापुढे हातांवर चालून दाखवलं, नाकाने शिटी वाजवून दाखवली. मग वैतागून म्हणाला, "आई, मी भिंतीला विनोद सांगतोय." डॉक्टर म्हणाले, कान चांगले, गळा चांगला, धीर धरा. चर्चमध्ये आम्ही तिच्यासाठी प्रार्थना करत होतो. बायका येऊन बाईंचा हात दाबून म्हणायच्या, "बिचारीला कुणीच नव्हतं हो. देवाने तुमच्या पदरात घातली." बाई मान डोलवायच्या.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी बाई कामाला बसल्या होत्या आणि गोटी शेजारच्या स्टुलावर. हाताला चाळा म्हणून बाईंनी तिला मेणाचा एक तुकडा दिला. गोटीने तो दिव्यावर हलकेच धरला, अगदी आई धरायची तसा, आणि मऊ झाल्यावर वळायला घेतला. बाई आपल्या कामात. थोड्या वेळाने पाहतात तर टेबलावर एक घर उभं. चार खांबांवर उचललेलं, खाली उतरायला शिडी. तिने आणखी मेण मागितलं. तोंडाने नाही, हात पुढे करून. मग एक होडी झाली. गवताची पाती म्हणून पातळ पट्ट्या झाल्या. बाईंनी कवळी बाजूला ठेवली आणि बघत राहिल्या. ही पोर काही बनवत नव्हती. ती कुठेतरी जाऊन आली होती आणि तिथलं एकेक आणून समोर ठेवत होती.

शेवटी तिने एक बाई बनवली. दारात बसलेली, वाकलेली, मांडीवर अर्धी विणलेली टोपली. तोंडाला नाक होतं, ओठ होते, सुरकुत्याही नखाने ओढल्या होत्या. डोळे तेवढे राहिले होते. बाईंना वाटलं, विसरली. त्यांनी कोरणी घेतली आणि डोळ्यांच्या जागी टोक टेकवणार, तोच गोटीने त्यांचा हात धरला. आपणहून तिने त्यांना स्पर्श केला तो हा पहिला. तिने कोरणी काढून ठेवली, स्टुलावर उभी राहिली आणि आपल्या तळहाताने बाईंचे डोळे झाकले.

त्या अंधारात बाईंना कळलं. ही म्हातारी आंधळी होती.

आणि त्याच अंधारात त्यांना गोटीचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. एकच शब्द, दोनदा. त्यांच्या भाषेतला नव्हता. यजमानांच्या बसने रोज जाणारी एक परिचारिका त्या देशाची होती. संध्याकाळी यजमानांनी तिला तो शब्द म्हणून दाखवला. ती म्हणाली, "आईची आई. आम्ही तिला अशी हाक मारतो."

म्हणजे कुणीच नव्हतं असं नव्हतं.

बाई त्या रात्री जेवल्या नाहीत. "अहो, आपण नाही विचारलं तर कुणाला कळणार आहे?" त्या यजमानांना म्हणाल्या. "मी एवढी वाट पाहिली. त्या म्हातारीने परत मागितली तर?"

"तर मी काय सांगू? मलाही भीती वाटते," यजमान म्हणाले. "पण देवाकडे मागताना आपण लेकरू मागितलं होतं, अगं. तिची आजी पुसून टाक, असं नव्हतं मागितलं."

बालगृहाशी बोलणं झालं. तिथल्या प्रमुख बाईंना आठवलं. एक आंधळी म्हातारी मुलीला हाताला धरून घेऊन आली होती. मी हिची कुणी नाही, असं तिने सांगितलं होतं. बाजारात सापडली, मागे-पुढे कुणी नाही, मोठ्या मनाने ठेवून घ्या, म्हणाली होती. त्यांनी चौकशी केली, पण कुणी पुढे आलं नाही. आता पुन्हा शोध घेतल्यावर कळलं की नदीकाठच्या वस्तीत टोपल्या विणणारी एक आंधळी बाई राहते. तिची लेक तापाने गेली होती. त्यानंतर तिची नातही दिसेनाशी झाली.

बाई, यजमान आणि गोटी, तिघं तिकडे गेली. दादाची परीक्षा होती, तो आमच्याकडे राहिला. प्रमुख बाई आणि एक दुभाषी मुलगी त्यांना होडीने घेऊन गेल्या. खांबांवरचं घर दिसताच बाईंनी ते ओळखलं. त्या घराची शिडी, तिचा वाकडा कठडा, सगळं त्यांनी आपल्या टेबलावर पाहिलं होतं. आणि दारात ती बसली होती, विणत.

दुभाषी मुलीने सांगितलं, मुलगी आली आहे. म्हातारीचे हात थांबले नाहीत. ती म्हणाली, "कुठली मुलगी? माझी कुणी नाही."

गोटी शिडी चढून गेली आणि तिला चिकटून बसली. म्हातारीचे हात आता थांबले. एक हात उठला, मुलीच्या केसांवर गेला, कानावरून मानेवर आला. आणि तोंडाने ती म्हणतच राहिली, "नाही. माझी नाही. मी हिला ओळखत नाही. घेऊन जा हिला." हात मात्र सुटत नव्हता.

बाई मला हे सांगताना नेहमी इथे थांबतात. "मी 'हिची आई' म्हणवून घ्यायला किती दारं ठोठावली. कोण कुठली अधिकारी बाई, तिला कपाटं उघडून दाखवली. आणि ही बाई तिची सख्खी असून 'मी कुणी नाही' म्हणत होती. आपलं नाव निघालं तर पोरीला घर मिळणार नाही, म्हणून तिने स्वतःला खोडून टाकलं होतं. अजूनही तिला वाटत होतं, कबूल केलं तर आम्ही मुलीला तिथेच सोडून जाऊ. असं प्रेम मी ऐकलं होतं, दर रविवारी ऐकत होते. पाहिलं नव्हतं."

बाई त्या फळ्यांवर गुडघ्यांवर बसल्या. दुभाषी मुलीला म्हणाल्या, "त्यांना सांग, आम्ही हिला सोडायला आलो नाही. तोडायलाही नाही आलो. ही आमची लेक आहे आणि तिला तिची आजी हवी आहे."

म्हातारीने ते दोनदा विचारून घेतलं. मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि तिने नातीला मांडीवर ओढलं. चेहरा चाचपला, गाल चाचपले, बोट थेट तोंडात घातलं आणि मोठ्यांदा काहीतरी ओरडली. "पुढचे दोन्ही पडले की गं! उंदराने नेले काय?" दुभाषी मुलीने सांगितलं. आणि गोटी हसली. खिंडार पडलेलं तोंड सताड उघडून, खिदळत. मग हसता हसता रडायला लागली, ते आवरेचना. यजमान बाहेर जाऊन होडीच्या दोराशी उगाच खटपट करत बसले.

निघताना म्हातारीने हाताने चाचपत बाईंचा चेहरा शोधला. कपाळ, नाक, ओल्या पापण्या. खूप वेळ. मग म्हणाली, "हां. आता माहीत झालीस."

तुम्ही आमच्याबरोबर चला, असं त्यांनी म्हटलं, पण ती आली नाही. माझा हात या गवतावर चालतो, तुमच्याकडे बसून काय करू, म्हणाली. बालगृहाच्या बाईंनी वस्तीतल्या एका घरी फोनची सोय लावली. दर रविवारी उपासना झाली की गोटी चर्चच्या पायरीवर बसून आजीशी बोलायची आणि आम्ही जाता-येता ती भाषा ऐकायचो. इकडेही तिचं तोंड एकदा सुटलं ते सुटलंच. दादा म्हणायचा, भिंतीचे दिवस बरे होते. दर दोन-तीन वर्षांनी सगळे तिकडे जाऊन यायचे. आजी गेली तेव्हा गोटी पंधरा-सोळा वर्षांची होती आणि तिच्या उशाशी होती.

आजी गेल्यावर सगळे परतले, त्या रविवारी बाईंना साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायला, बोलावलं होतं. त्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि काही न बोलता जागेवर येऊन बसल्या.

बाहेर पडताना गोटीने पाळकांना गाठलं. मी मागेच होते. तिने विचारलं, "पाळकसाहेब, आजी खोटं बोलली होती. मी कुणी नाही म्हणाली. ते पाप आहे का?"

पाळक चांगले विद्वान आहेत, उत्तराला कधी अडत नाहीत. त्या दिवशी मात्र म्हणाले, "मला माहीत नाही, बाळा. मला एवढंच कळतं की तुझ्या आजीच्या दारात मी गेलो असतो, तर आधी पायातले जोडे काढले असते."

गोटी म्हणाली, "तिथे काढावेच लागतात. नाहीतर आजी ओरडायची. सगळा चिखल आत येतो."