आजारी माणसाला काय म्हणायचं

शिरूर डेपोत मी कंडक्टर म्हणून लागले तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती. ती बारावीला गेली त्या वर्षी माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. तोवर लोकांनी मला बऱ्याच हाका मारल्या होत्या. 'ओ मॅडम', 'ओ कंडक्टर ताई', आणि गाडीत गर्दी असली की नुसतंच 'ओऽऽ'. त्यातल्या एकाही हाकेचं कधी काही वाटलं नाही. गाठ कॅन्सरची आहे असा रिपोर्ट आला आणि लोकांचे शब्दच बदलले.

सासूबाई त्या आजाराचं नाव घेत नसत. "हिला तसलं झालंय," म्हणायच्या, तेही आवाज खाली घेऊन. गल्लीतल्या बायका 'मोठा आजार' म्हणत. एक नणंद फोनवर कुणाला तरी 'बिचारी' म्हणाली, मी मागेच उभी होते. डेपोतल्या मंडळींचं अगदी उलट. ऑपरेशननंतर सगळे भेटायला आले, तेव्हा माझ्याबरोबर कितीतरी वर्षं ड्युटी केलेला ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, तुम्ही वाघीण हाय. त्या कॅन्सरला पार लोळवायचं बगा."

त्याच्या मनात माया होती, हे मला कळत होतं. मी हसले. ते गेल्यावर मात्र उशीत तोंड खुपसून रडले. त्या दिवशी मला उठून न्हाणीपर्यंतही जाता येत नव्हतं, आणि वाघिणीला ते शोभत नव्हतं.

केमो संपल्यावर पुण्याला रेडिएशन सुरू झालं. सोमवार ते शुक्रवार रोज जायचं, असे पाच आठवडे. सकाळच्या गाडीनं मी शिरूरहून निघायचे. ज्या गाडीत उभी राहून तिकिटं फाडली, त्याच गाडीत आता डोक्याला रुमाल बांधून पुढच्या सीटवर बसायचे. तिथे, हॉस्पिटलच्या तळघरातल्या वेटिंग रूममध्ये, मला ती भेटली.

ती दौंडची. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. दौंड स्टेशनच्या तिकीट खिडकीवर नोकरीला होती. दोघींचाही आजार तोच, फक्त तिचा उजव्या बाजूला. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "काय करतेस?" मी म्हटलं, "एस्टीत कंडक्टर." ती इतक्या मोठ्यानं हसली की आतली नर्स बाहेर येऊन पाहून गेली. "म्हणजे दोघी तिकीटवाल्याच की गं!" म्हणाली आणि डबा उघडून माझ्यापुढे धरला. त्यात मेथीची भाजी होती. मला केमोपासून कशाचीच चव लागत नव्हती. तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "मला तरी कुठं लागती? आपण आठवणीनं खायचं."

मी तिला ताई म्हणू लागले. आठवडाभर माझं अहो-जाहो चाललं, मग कधी 'तू' सुरू झालं ते कळलंही नाही.

आता वाटतं, ते पाच आठवडे माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत धरायला हवेत. असं बोललं की घरचे विचित्र बघतात. छातीवर मार्करच्या जांभळ्या खुणा, काखेतली भाजलेली कातडी, घशाला कायमची कोरड, हे सगळं होतंच. पण रोज साडेदहाला त्या बाकावर ती असायची. तिथं आम्हाला कुणी बिचारी म्हणत नव्हतं आणि वाघीणही म्हणत नव्हतं.

शब्दांचा विषय तिनंच काढला. त्या दिवशी कुणीतरी वेटिंग रूमच्या भिंतीवर एक पोस्टर लावून गेलं होतं. त्यावर तलवार उगारलेली बाई आणि खाली मोठ्या अक्षरांत 'कर्करोग योद्धा'. ताई ते बराच वेळ बघत राहिली.

"मी काय लढते गं?" ती म्हणाली. "आडवी पड म्हणतात, पडते. हात वर धर म्हणतात, धरते. हलू नको म्हणतात, तर नाक खाजलं तरी हलत नाही. ह्यात लढाई कुठाय?"

आमच्या समोर केंदूरचे एक आप्पा बसायचे. घशाचा कॅन्सर, आवाज पार बसलेला. एरवी ते मान हलवूनच बोलायचे. त्या दिवशी मात्र पुढे वाकून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुमचं तुमच्यापाशी, बाई. मी तरणा असताना जत्रंत कुस्त्या धरायचो. मला कुणी लढतोय म्हनलं की आंगात जोर येतो. न्हाईतर सकाळी उठू पन वाटत न्हाई."

ताई ओशाळली. "तुम्ही खुशाल लढा, आप्पा. तुम्हाला पैलवानच म्हणणार आम्ही."

त्या दिवसापासून ती त्यांना 'काय पैलवान' म्हणूनच विचारायची, आणि आप्पा खांदे ताठ करून मशीनच्या खोलीत जायचे. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की शब्द मुळात वाईट नव्हता. मला विचारल्याशिवाय तो माझ्या अंगावर घातला होता, एवढंच.

"मग तुला काय म्हणायचं?" मी ताईला विचारलं.

तिनं विचार केला. "आजारी आहे म्हणावं. ताप आला की म्हणतात तसं. म्हणजे पुढं कुणी विचारेल तरी, आज कसं वाटतंय."

रेडिएशन संपलं. दोन महिन्यांनी मी ड्युटीवर हजर झाले. डेपोत शाल-नारळ देऊन सत्कार झाला. मागे फ्लेक्स होता. त्यावर डोक्यावर केस असतानाचा माझा फोटो आणि 'कर्करोगावर मात करणारी रणरागिणी' अशी ओळ. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण खुर्चीवर बसल्या बसल्या मनात येत होतं, की रेडिएशनला ताईच्या शेजारच्या बाकावर एक तरुण मुलगी बसायची, ती तिसऱ्या आठवड्यात यायची बंद झाली होती. मी मात केली, तर मग तिचं काय झालं म्हणायचं? त्या दिवशी पहिली फेरी घेऊन निघाले. कोंढापुरीच्या पुढे मागून एक म्हातारी ओरडली, "ओ कंडक्टर, सणसवाडीला थांबंल का गाडी?" मला तिला मिठी मारावीशी वाटली.

ताईशी फोन रोजचा होता. दीड वर्ष बरं गेलं. मग तिची कंबर दुखायला लागली. तपासण्या झाल्या, आजार हाडांत उतरलेला निघाला. तिनं फोनवर सांगितलं, साध्या आवाजात, गाडी लेट आहे असं सांगावं तसं.

आणि मी म्हणाले, "ताई, हिंमत सोडू नकोस. तू लढ. तू हरणारी नाहीस."

  तिनं विचारलं, "म्हणजे मी गेले तर हरले म्हणशील का गं?"

  वाघीण शब्दानं उशीत तोंड खुपसून रडणारी मी, आणि वेळ आली तेव्हा माझ्याही तोंडात दुसरं काही नव्हतं. सगळे तेच शब्द वापरतात, कारण घाबरलेल्या माणसाच्या हाताला तेच आधी लागतात. त्या ड्रायव्हरवरचा माझा राग त्या दिवशी गेला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि न्हावऱ्यावरून जाणारी दौंड गाडी पकडली. तिच्या क्वार्टरमध्ये ती पलंगावर बसली होती. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली ताजी फुलं. मी दारातूनच म्हटलं, "ताई, काल चुकलं माझं."

"बस आधी," ती म्हणाली. "चहा घे."

मी बसले, आणि तिनं सांगितलं होतं तेच विचारलं. "आज कसं वाटतंय?"

ती बोलायला लागली. कंबरेत कसं दुखतं, कुठली कूस बरी वाटते, गोळीनं तोंड कडू होतं, भीती वाटते पण दुपारी जास्त वाटते. तासभर बोलली. तिचा नवरा कपबशा घेऊन दारात थांबून ऐकत होता. तो अबोल माणूस, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला. मला बसस्टँडवर सोडायला आला तेव्हा म्हणाला, "येवढं ती माझ्याशी पण नाही बोलली. मी आपला रोज म्हणायचो, धीर धर. मग ती गप बसायची."

पुढचे सात महिने मी पंधरवड्याला दौंडला जात राहिले. आम्ही कॅन्सरवर थोडं आणि इतर गोष्टींवर फार बोलायचो. खिडकीवर भांडणारी गिऱ्हाइकं, माझ्या मुलीचं कॉलेज, तिला न झालेली मुलं. एकदा म्हणाली, तिला मूल नाही म्हणूनही लोकांनी एक शब्द ठेवला होता, आणि तो तिनं वीस वर्षं ऐकला. "त्याच्यापुढं हे काहीच नाही," म्हणाली.

ती गेली ती एका सकाळी, घरीच, झोपेत.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मांडव भरलेला होता. वंदना झाली, मग भाषणं. एक पुढारी उभे राहिले. भले गृहस्थ, तिच्या औषधपाण्याला धावून आलेले. म्हणाले, "ताईंनी शेवटपर्यंत कॅन्सरशी झुंज दिली, पण अखेर ती झुंज अपयशी ठरली." मी खाली बघितलं. माझ्यात उठायचा धीर नव्हता.

तिचा नवरा उठला. माईकजवळ गेला नाही, जागेवरूनच बोलला. "साहेब, माफ करा. ती अपयशी नाही झाली. आजारी होती. बरी झाली नाही. येवढंच म्हणा."

 पुढाऱ्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं," आणि आपलं वाक्य त्याच्या शब्दांत पुन्हा म्हणून खाली बसले.

माझी तपासणी आता सहा महिन्यांनी असते. ताई आठवते तेव्हा दौंडचा पलंग फारसा आठवत नाही. रेडिएशन चालू असताना एकदा रेल्वेचा ब्लॉक होता, दौंडच्या गाड्या बंद, म्हणून मी तिला माझ्याबरोबर शिरूरला मुक्कामी आणलं होतं, तो दिवस आठवतो. शिक्रापूरच्या पुढे गाडी रिकामी झाली, तशी ती खिडकीशी सरकली. वाऱ्यानं तिचा रुमाल मागे सरकला आणि तिनं तो सावरला नाही. डोक्यावर नुकतेच मऊ, पांढरे केस फुटले होते. पुढचा अर्धा तास ती बाहेरचे उसाचे फड बघत बसली होती, आणि मी तिच्याकडे.