फळ्यावरचे शहात्तर

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी बॉइलच्या नियमाचा प्रयोग मी तीनदा केला आणि तिन्ही वेळा सरांनी त्यावर लाल फुली मारली. त्यांची सही नसेल तर वार्षिक प्रॅक्टिकलला बसू देत नसत, आणि सहीचा शेवटचा दिवस होता शनिवार.

नियम सोपा. तापमान तेच ठेवून नळीत कोंडलेल्या हवेवरचा दाब वाढवला की तिचं आकारमान कमी होतं. दोन्हींचा गुणाकार मात्र सारखाच यायला हवा. दाब काढताना पाऱ्याच्या दोन पातळ्यांमधला फरक मोजायचा आणि त्यात बाहेरच्या हवेचा दाब मिळवायचा. तो फळ्याच्या कोपऱ्यात ऑइलपेंटने कायमचा लिहिलेला होता: ७६ सेंटिमीटर. माझा गुणाकार १५४० ला सुरू होई आणि दाब वाढवत नेला की उतरत उतरत १५१० वर येई.

बाकीच्या मुली उलट्या बाजूने सुरुवात करत. आधी गुणाकार ठरवायचा, मग भागाकार करून आकारमान लिहायचं.

"तू खरंच मोजून राहिली का?" माझी पार्टनर म्हणाली. "कॉन्व्हेंटमध्ये हेच शिकवलं का वं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. अशा वेळी मी हसतेच, आणि त्याचा मला नंतर फार राग येतो.

शुक्रवारी मी प्रयोगशाळेतल्या शिपाईकाकांना बॅरोमीटर कुठे आहे ते विचारलं.

"काहून? फळ्यावर लिहून आहे नं." तरी त्यांनी कपाटामागच्या भिंतीवरचा बॅरोमीटर दाखवला, फडक्याने काच पुसून दिली. "याले कोणी पाहतच नाही, बाई."

पारा ७३.५ वर होता. मी तिथेच उभ्याने सगळी आकडेमोड पुन्हा केली. गुणाकार पहिल्यापासून शेवटपर्यंत १४७० च्या आसपास! शहात्तर हा समुद्रकाठचा दाब. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर उंच आहे, हे तर शाळेच्या भूगोलात होतं.

शनिवारी ते पान सरांपुढे ठेवलं.

"हा साडेत्र्याहत्तर कुठून आणला?"

"बॅरोमीटरवरून, सर."

"तो बिघडलेला असेल. पुस्तकात किती आहे?"

"सेव्हन्टी सिक्स, सर."

"मग?"

मग नागपूर समुद्रकाठी नाही, सर. हे वाक्य माझ्याकडे इंग्रजीत तयार होतं, मराठीतही तयार होतं. मागे रांगेत दहा-बारा जणी वह्या घेऊन उभ्या होत्या. मी "हो सर" म्हटलं.

बाकावर बसून मी १५२० ठरवले आणि आकारमानं मागून काढली. दहा मिनिटं लागली. एखादा आकडा मुद्दाम थोडा चुकवायचा असतो, म्हणजे खरा वाटतो, असं पार्टनरने सांगितलं. तेही केलं. सरांनी न वाचता सही ठोकली.

प्रॅक्टिकलला मला नेमका तोच प्रयोग आला. मी पारा हलवलासुद्धा नाही.