पदराला लागलेला उंदीर

माझं अक्षर चांगलं नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, तीही माहेरी तुडीलला नदी भरली की बुडायची. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला अजून धड कळत नाही. ही वही मुलीची आहे, मागची पानं कोरी राहिली म्हणून वापरते आहे. कुणाला वाचायला द्यायची नाही, तरी कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात. मला सासूबद्दल आणि माझ्या एका दाताबद्दल लिहायचं आहे.

तेव्हा आम्ही बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहायचो. औद्योगिक वसाहतीत नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या आणि आमचे मालक, म्हणजे मुलांचे वडील, त्यातल्या एकीत पाळीवर जायचे. खोलीत आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासू. तिला आम्ही सगळे आय म्हणायचो. तिचं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. खाली यायला ती राजी नव्हती, नातवंडांसाठी आली. तोंडात पुढचे तीन दात राहिले होते आणि त्या तिघांवर ती रोज सकाळी मिश्री लावायची.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझी कंबर धरली. पाण्याची कळशी कमरेवर घेतली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टर म्हणाले, गोळ्या किती घेणार, व्यायाम करा. त्याच सुमारास महाडच्या शाळेतल्या एक बाई नोकरीतून मोकळ्या झाल्या होत्या. त्या एस.टी.ने येऊन आमच्या वस्तीतल्या विहारात बायकांना योगासनं शिकवू लागल्या. पैसे घेत नव्हत्या. वेळ दुपारी दोनची, कारण तेव्हा पहिल्या पाळीचे पुरुष आलेले नसायचे, रात्रपाळीचे झोपलेले असायचे आणि आमची भांडी घासून झालेली असायची.

विहाराला पत्र्याचं छप्पर होतं. दिवस उन्हाळ्याचे. त्यात बाहेरच्या ओट्यावर दिवसभर कॅरम चालायचा, म्हणून आम्ही दार आणि खिडक्या घट्ट लावून घ्यायचो. आत आम्ही पंधरा बायका. वरून पत्र्याची धग आणि खाली चटया घामाने ओल्या. बाईंचा चष्मा धुरकटायचा, म्हणून त्या तो काढून खिडकीत ठेवायच्या आणि तशाच शिकवायच्या. बाहेर आल्यावर भर उन्हातसुद्धा गार वाटायचं.

पण मला तो तास आवडायचा. त्या उष्म्यात कंबर शेकल्यासारखी मोकळी व्हायची. आणि त्या तासात मला कुणी हाक मारायचं नाही. मी सगळ्यांच्या मागे, कपाटाच्या आडोशाला चटई घालायची.

अडचण होती पदराची. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की पदर कमरेला खोचा. बाकीच्यांनी खोचले, कुणी पिना लावल्या. माझा खोचलेला पदर खाली वाकलं की सुटायचा आणि घामाने भिजलेला खांद्यावरून घसरायचा. खांद्यावर पदर नाही अशी मी बायकांतही कधी उभी राहिले नव्हते. मग मी त्याचं टोक दातांत धरलं. आमच्याकडे यात काही नवल नाही. रहाटावरून पाणी ओढताना, भात लावताना, दोन्ही हात गुंतले की बाई पदर दातांत धरतेच. विहिरीवर ते दोन मिनिटांचं काम असतं, इथे तासभर होतं. आसन अवघड झालं की मी आणखी घट्ट आवळायची. बाई म्हणायच्या, तोंड बंद ठेवा, श्वास नाकाने घ्या. माझं तोंड बंदच होतं, म्हणून मला वाटलं मी सगळं बरोबर करते आहे.

महिन्याभरात सकाळी उठलं की जबडा उघडेना. जांभई आली की कानाजवळ कट्ट वाजायचं. कानशिलं ठणकायची, गार पाणी दाढांना झोंबायचं. कुठली दाढ दुखते म्हणावं तर सगळी ओळच दुखायची. मी भाकरी आमटीत बुडवून नुसती गिळू लागले. आयने ते पाहिलं. तिची भाकरीही तशीच भिजायची, पण तिला चावायला दाढा नव्हत्या. ती माझ्याकडे बघून म्हणाली की सासूची बरोबरी करायची घाई कशाला, अजून वेळ आहे. मग तिनेच लवंग कुटून दिली, ओव्याची पुरचुंडी गरम करून रात्री गालाला बांधली.

त्याच दिवसांत कपडे धुताना तिच्या लक्षात आलं की माझ्या लुगड्यांचे पदर टोकाला कुरतडलेत. बारीक बारीक भोकं, तीही नेमकी एकाच जागी. घरात उंदीर आहे असं तिने ठरवलं. शेजारून सापळा मागून आणला, भाकरीचा तुकडा लावून ट्रंकेमागे ठेवला. चार दिवसांत त्यात एकदाच काहीतरी अडकलं, ती आयचीच बोटं होती. माझ्या एकटीच्याच लुगड्यांना हा उंदीर कसा लागतो याचं तिला नवल वाटायचं. मलाही वाटायचं, खोटं कशाला सांगू. तासात दातांत काय धरलंय याकडे माझं लक्षच नसायचं.

दुखणं हटेना तेव्हा महाडला दातांच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. महिनाअखेर होती, मालकांच्या हातात काही नव्हतं. आयने आपल्या बोचक्यातून एक डबा काढला. त्यात तिने कवळीसाठी पैसे साठवले होते, गावाकडे दोन वर्षं कोंबड्या-अंडी विकून. मेल्यावर तरी तोंड भरलेलं दिसावं असं ती म्हणायची, पण खरं कारण मला माहीत होतं. तिला भाजलेला बोंबील चावून खायचा होता. तिने शंभर रुपये मोजून माझ्या हातात ठेवले. मी नको म्हणाले. ती म्हणाली, "माझं दात गेलं ते गेलं. तुझं हायत ते तरी ऱ्हाऊंदेत."

परक्या पुरुषासमोर आ करून बसायची माझी ती पहिली वेळ. डॉक्टर चांगले होते, सावकाश विचारत होते. ते एकेका दाढेला टोचून हीच का म्हणून विचारायचे. मला लाजेने बोलता येईना. शेवटी एका दाढेला त्यांनी हीच ना म्हटलं आणि मी मान हलवली. ती काढली. उजवीकडेही दोन दुखतात का विचारलं, तिथेही मी मान हलवली. मग त्या दोन पुढच्या गुरुवारी काढायच्या ठरल्या. फोटो, दाढ, औषधं आणि एस.टी.चं भाडं यांत आयचे शंभर रुपये संपले. पुढच्या दोन दाढांसाठी तिने डबा पुन्हा बाहेर काढून ठेवला.

दाढेची जखम भरत आली, पण जबडा तसाच. तरी मी तासाला जाणं सोडलं नाही. बुधवारी मी निघून गेल्यावर आयला दिसलं की लवंगेची पुडी घरीच राहिली. ती पुडी घेऊन उन्हातून विहारात आली आणि दार ढकललं. नेमका उजेड माझ्यावर पडला. मी वाकलेली, हात पायाच्या अंगठ्यांना, पदर दातांत, मान ताणलेली.

आय उंबऱ्यातच थांबली. "उंदीर गावला गो बायांनो," ती म्हणाली. "येवढा मोठा हाय."

कुणाला काही कळेना, पण सगळ्या माझ्याकडे वळल्या आणि हसल्या. बाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, माझ्याजवळ आल्या आणि पदर हळूच तोंडातून सोडवून घेतला. त्यावर दातांच्या खुणा होत्या. मग त्यांनी दोन्ही अंगठे माझ्या कानांपुढे टेकवून दाबले. मी कळवळले.

"अगं, दाढा कुठल्या दुखतायत? तू जबडा आवळून धरलायस," बाई म्हणाल्या. "ओठ मिटायचे. दात नाही मिटायचे."

इतकं साधं होतं ते. गुरुवारी मी महाडला गेले नाही.

त्या बुधवारी विहारातून घरी येताना मला रडू आलं. चांगली दाढ गेली होती आणि आयची कवळीही. मी मान खाली घालून चालत होते. आयने लवंगेची पुडी माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "दाढ तुझी गेली. मी कशाला रागावू गो?"

दुसऱ्या दिवशी ती माझ्या आधीच तयार झाली. विहाराच्या ओट्यावर गोधडी घालून बसली आणि कॅरमवाल्यांना सांगितलं की आत तुमच्या आया-बहिणी आहेत, पाट उचला आणि आंब्याखाली न्या. त्यांनी मुकाट्याने नेला. तेव्हापासून आम्ही खिडक्या सताड उघड्या ठेवून आसनं केली. आत वारा आला. बाईंचा चष्मा डोळ्यांवर राहिला. माझ्या पदराच्या टोकाला आयने जुन्या लुगड्याच्या काठाचा बंद शिवून दिला, तो कमरेला गाठ मारून बांधायचा. दोन महिन्यांत माझा जबडा सुटला. त्या बाजूने मी अजून चावत नाही, पण ते दाढ नाही म्हणून.

पैशांचा विषय आयने पुन्हा काढला नाही. मलाच तो सलत होता. शेजारच्या खोलीत घाटावरचे दोन कामगार राहायचे, त्यांना मी डबा देऊ लागले. भाकरी, कालवण, कधी सुकट. महिन्याला जे उरेल ते मी आयच्या डब्यात टाकायची. कधी दहा, कधी सातच. पावसाळ्यात एक जण गावाला गेला तेव्हा दोन महिने काहीच नाही. ती बघायची आणि न बघितल्यासारखं करायची.

पुढच्या उन्हाळ्यात मी शेवटची पाचाची नोट तिच्या हातावर ठेवली. तिने डबा गोधडीवर उपडा केला. कवळीच्या जुन्या पैशांची पुरचुंडी तिने बाजूला ठेवली होती, डब्यातले हे माझे पैसे वेगळे होते. तिला विसाच्या पुढे मोजता यायचं नाही, म्हणून ती विसाविसाचे ढीग करायची. चार ढीग झाले. पाचव्यात सुटी नाणी जास्त होती, तो तिने दोनदा मोजला.

"पाच इसा भरलं," ती म्हणाली. पाच विसा म्हणजे तिचे शंभर रुपये. सगळे पैसे एकत्र करून तिने पदराच्या टोकात बांधले आणि गाठ ओढून घट्ट केली. दातांनी नाही, हातांनी.