टेबलाखालचा कांदा

बाजारभाव वाचताना दिनकरनानांच्या उजव्या हातात, टेबलाखाली, एक कांदा असायचा. प्रेक्षकांना तो कधी दिसला नाही. मला दिसायचा, कारण कॅमेरा मी चालवायचे. पहिल्या दिवशी मला हसू आलं, तेव्हा नाना त्यांच्या देवळ्याकडच्या बोलीत म्हणाले, "माल हातमा नही, ते भाव नुसता आकडा शे."

नाशिकरोडला एका दुकानाच्या माडीवर आमची केबलवरच्या बातम्यांची खोली होती. नव्वदचं दशक सरत आलं होतं. निळा पडदा, दोन दिवे, एक खिडकी. खिडकीतून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राचा धूर दिसायचा, तिथेच माझे वडील नोकरीला होते. दुपारी पडदा हलत असायचा, धूर विरत असायचा आणि नाना गावांची नावं घेत असायचे, घरच्या माणसांना जेवायला हाक मारावी तशी. आजही मला आधी तो आवाज ऐकू येतो, खोली नंतर दिसते.

एका वर्षी देवळ्याकडे गारपीट झाली. नाना शिवारं पाहून आले. केबलचे मालक म्हणाले, आज भाव राहू द्या, चार शब्द बोला. गारांनी फोडलेला कांदा हातात धरून नाना बसले, दोन वाक्यं बोलले आणि गप्प झाले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. टेप फिरत राहिली. मला पापणी मिटवेना. शेवटी त्यांनी कांदा टेबलावर ठेवला आणि हात पुसले. "हे नको. माणूस गप्प बसला की टीव्ही बिघडल्यासारखा वाटतो. परत घेऊ."

दुसऱ्या खेपेला मोकळा हात छातीशी गेला. "हे मी नाही, माती बोलतेय," म्हणताना 'माती'वर आवाज फुटला आणि डोळे भरले. तेच दाखवलं गेलं. गाव हळहळलं.

पुढे भाव वाचायला दुसरं कुणी आलं आणि नाना रोज राजकारणावर बोलू लागले. माती रोज बोलू लागली. आवाज कुठे फुटणार हे मला पाठ झालं. एक शब्द आधीच माझं बोट झूमच्या बटणावर जायचं आणि त्यांचा चेहरा पडदाभर व्हायचा. माझा अंदाज कधी चुकला नाही, आणि तेच मला खुपायचं. घरी वडील पंखा बंद करून त्यांना ऐकायचे. त्यांना मी काही बोलले नाही. मग ज्या पुढाऱ्याला नानांनी वर्षभर झोडपलं, त्याच्याच शेजारी बसून ते त्याचं कौतुक करू लागले. आवाज तिथेच फुटला. त्या दिवशी मी विचारलं, "नाना, हे खरं असतं का?"

"लोकांना पोचलं ना? मग झालं."

महिनाअखेर मी नोकरी सोडली.

काही वर्षांनी कळलं, नानांचा घसा कायमचा बसलाय. इंदिरानगरच्या घरी भेटायला गेले. खिडकीशी बसले होते, अर्धे झालेले. बराच वेळ इकडचं तिकडचं कुजबुजले, मग म्हणाले, "सुनंदा, गारपिटीचं ते पहिलं, मी गप्प बसलो होतो ते, तू ठेवलं असशील ना?"

दाखवलेलं तेवढं उतरवून ठेवायचं आणि एकच टेप पुसून पुसून वापरायची, ही आमची रीत. दुसऱ्याच दिवशी मी त्यावर कुठल्याशा मंडळाचं हळदीकुंकू घेतलं होतं. मी ते सांगितलं. माझी मलाच लाज वाटली.

नाना बाहेर पाहत राहिले. "एकदा बघायचं होतं. त्यानंतर कधी खरा रडलो, माझं मलाच उमगेना झालंय."

"मी पाहिलं होतं, नाना. ते खरं होतं."

"तू म्हणतेस तर असेल," म्हणाले आणि डोळे मिटले. मला फार वाईट वाटलं.

दोन महिन्यांनी नाना गेले. केबलवर त्यांचं तेच गारपिटीचं भाषण दाखवलं, दुसऱ्या खेपेचं. मी माहेरी होते. वडिलांनी उठून पंखा बंद केला. नानांचा हात छातीशी गेला, आणि एक शब्द आधी माझं बोट आपोआप हललं. 'माती'वर त्यांचा आवाज फुटला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, बरोबर त्याच शब्दाला.