मोगऱ्याची पलटी

शहागंजातल्या गच्चीवरून मल्हाररावांची, हवेत उलट्या कोलांट्या घेणारी गिरेबाज कबुतरं रोज सकाळी सुटत, पण त्यांच्या पलट्या बघायच्या बानाबाईनं. काचबिंदूनं नवऱ्याची नजर गेली आणि आभाळ तिच्या वाट्याला आलं. गच्ची घाण करतात म्हणून जन्मभर तिनं या पाखरांना शिव्या दिल्या होत्या. आता मान दुखेस्तोवर वर बघून ती सांगे, "जोंधळीनं पलटी खाल्ली. आजून एक. सावरली."

'सावरली' ऐकलं की मगच मल्हारराव चहाचा घोट घेत.

कबुतराचं मोल पलटीत, पण जीव सावरण्यात. म्हणून लांब पलटीच्या नराला सरळ उडणारी मादी द्यायची. दोन्हीकडून पलटी आली तर पिलाला थांबणं ठाऊक नसतं. हे त्यांनी साऱ्या मोहल्ल्याला शिकवलं, आणि नजर विझत आली तेव्हा दोन्ही लांब पलटीची जोडी लावून स्वतःच मोडलं. अंधुक डोळ्यालाही दिसेल एवढी लांब पलटी त्यांना एकदा बघायची होती. पिलाला पिसं फुटेपर्यंत तेवढाही उजेड उरला नाही.

"पांढरं हाय का गं?"

"मोगऱ्यावानी."

तेच नाव पडलं.

मोगरा पहिल्यांदा थव्यासोबत चढला. पलटी सुरू झाली ती थांबेचना. गरगरत येऊन तो शेजारच्या पत्र्यावर आदळला. बानाबाईनं त्याला पदरात उचलून आणलं. चोचीजवळ फुटलं होतं.

"कशाचा आवाज गं?"

"पोरांचा चेंडू. मोगऱ्यानं लई लांब पलटी खाल्ली बगा. सावरला."

मल्हाररावांचा चेहरा उजळला. "उद्या बी सोड."

काही दिवस तिनं आभाळ भरल्याचा बहाणा केला. मग ऊन पडलं. ऊन त्यांच्या अंगालाही कळत होतं.

त्या सकाळी तिनं बाकीची पाखरं सोडली. मोगऱ्याला हातातच धरून पंख तेवढे फडफडू दिले.

"गेला वर... पलटी खातोय... अगं बया, केवढी लांब!"

"सावरला?"

"सावरला. उतरला बी."

"दे इकडं."

मल्हाररावांनी त्याला ओंजळीत घेतलं. उडून आलेल्या पाखराचं काळीज बोटाखाली धडधडतं. हा तर झोपेतून उठल्यासारखा निवांत. अंगठा चोचीजवळच्या खपलीवर गेला आणि तिथंच थांबला.

"माझीच जोडी ती," ते पुटपुटले. मग म्हणाले, "लबाड हाईस, बाने."

"व्हय. बायको कुणाची?"

ते खपलीवरून हळूच अंगठा फिरवत राहिले.

"उद्या बी असाच उडव. पर पलटी जरा कमी सांग. एवढी लांब कुठलंच पाखरू खात नाय."